बोअरची मोटार

भीमाशंकरनं म्हातारीचं लुगडं सोडायला घेतलं आणि कमरेची गाठ काही सुटेना. बाहेर टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. शिट्ट्या तर अशा, की उदगीरच्या त्या सभागृहाचे पत्रे उडतात की काय! दहा गाणी झाली होती. शेवटचं एक राहिलं होतं.

अकरा गाणी, पण गोष्ट एकच: टँकरची वाट बघणाऱ्या गावाची. गाणारा एकटा, सोंगं सात. सरपंच हाच, टँकरचा ड्रायव्हर हाच, आणि घागरभर पाण्यासाठी दारोदार फिरणारी म्हातारीही हाच. पुण्यात ह्याला रॉक म्हणतात, अल्बम म्हणतात. इथं लोकांनी सरळ 'भीमाशंकरची सोंगं' असं नाव ठेवून टाकलं होतं.

पडद्यामागं गुरुपादप्पा घाईघाईनं आला. कार्यक्रम त्याच्या जिल्हा समितीचा; रंगमंचावर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असा भलामोठा फलक.

"आता शेवटच्या गाण्यात तेवढं जिल्ह्याचं नाव घाल की रे! एकदा तरी!"

"बसत न्हाई काका, गाण्यात."

"एवढी म्हातारी बसवलास, जिल्हा बसत न्हाई व्हय?" कपाळाला हात लावून तो गेला. तो गेला आणि सरजाबाई आत आली.

ह्या सरजाबाईला भीमाशंकरनं मुद्दाम बोलावून आणलं होतं. त्याच्या घरामागच्या वस्तीत राहणारी, पासष्टीची, पांढऱ्या स्वच्छ लुगड्यातली. सोळा सालच्या दुष्काळात ती घागर घेऊन फिरायची. तिची चाल, तिचं बोलणं, सगळं त्यानं गाण्यातल्या म्हातारीत उतरवलं होतं. आज तिला पहिल्या रांगेत, आपल्या आईच्या, मल्लम्माच्या, शेजारी बसवलं होतं. एवढं मोठं मन कोण दाखवतं हो? त्याला तसंच वाटत होतं, लपवायचं कशाला!

"मावशी, कसं वाटलं? खरं सांगा."

"लई बराबर काढलास. माझीच मी दिसून राहिले मला. पण त्या म्हातारीच्या गाण्याच्या आधी ते घुंऽऽ असं वाजतंय, ते काय हाय?"

भीमाशंकरचा चेहरा उजळला. हे तर पुण्याच्या पेपरवाल्यांनीही विचारलं नव्हतं. "आमच्या बोअरची मोटार हाय ती! कम्प्युटरवर केलेली न्हाई, खरीखुरी. अंगणात माईक लावून रेकॉर्ड केली."

"कवा?"

"त्याच उन्हाळ्यात, एप्रिलमधी. दुष्काळाचा खरा आवाज पाहिजे व्हता ना."

सरजाबाईनं पदर नीट केला. "मंग जळाली कवा व्हती, लेकरा?"

भीमाशंकरचा हात गाठीवरच राहिला.

त्या दिवशी अंगणात माईक लावलेला. फाटकाशी सरजाबाई, काखेत रिकामी घागर. आतून आईनं हातानंच 'नको' म्हटलं, आणि गळ्यात हेडफोन अडकवलेला हा पठ्ठ्या फाटकाची कडी धरून म्हणाला होता, "मोटार जळालीय, मावशी." मागं मोटार चालू होती. टाकीत पाणी पडत होतं, तेही ऐकू येत होतं. ती घागर सावरून परत फिरली. रेकॉर्डिंगमध्ये आपलं बोलणं मध्येच आलं म्हणून त्यानं तेवढं कापून टाकलं. आणि अल्बममध्ये म्हातारीला हाकलायला एक मिशीवाला सरपंच घातला.

"समद्यांचे आवाज काढलास," सरजाबाई म्हणाली. रागानं नाही, चौकशी केल्यासारखी. "सरपंचाचा काढला, ड्रायव्हरचा काढला. म्हणलं, आता तुजा येईल, मंग तुजा येईल. वाट बघून राहिले." आणि ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली.

अशी लाज भीमाशंकरला उभ्या जन्मात वाटली नव्हती. अंगावरचं लुगडं चोरीचं वाटायला लागलं. गाठ हिसकून त्यानं ते एकदाचं सोडलं, आणि घडी करून बाजूला ठेवलं.

तेवढ्यात साउंडवाल्यानं शेवटच्या गाण्याची सुरुवात सोडली. तीच घुंऽऽ, ह्याही गाण्याच्या आधी लावलेली. ठरल्याप्रमाणे सरपंचाचा फेटा बांधून जायचं होतं. फेटा खुंटीवरच राहिला. नुसत्या शर्ट-पँटवर तो माईकपाशी जाऊन उभा राहिला. गिटार घेतली नाही. मोटार वाजत होती, लोक वाट बघत होते.

"मोटार जळालीय, मावशी," तो म्हणाला. कुणाचीही नक्कल न करता, आपल्या रोजच्या आवाजात.

टाळ्यांचा नुसता कडकडाट! लोकांना वाटलं, आठवं सोंग. गुरुपादप्पा तर 'वा रे पठ्ठे' म्हणत उभाच राहिला. मल्लम्मानं तेवढी मान खाली घातली.

टाळ्या ओसरल्या. सरजाबाईचे हात मांडीवरच होते. ती काही मोठ्यानं बोलली नाही, पण पहिल्याच रांगेत होती, त्याला नीट ऐकू गेलं.

"हाव. ह्योच व्हता."