नाशवंत मालाचा मुहूर्त

मोहनबाबू बैठकीत येऊन गादीवर टेकले आणि पाण्याचा तांब्या घेऊन निघालेला शार्दूल दाराआडच थांबला. कँटोन्मेंटातल्या हॉटेलचा हा मालक आपल्याच वडिलांचा यजमान निघेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं तर असायला हवं होतं. बनारसमध्ये पंख्याचं बटणसुद्धा मुहूर्त पाहून दाबणारी माणसं कमी नाहीत, आणि पंचगंगा घाटाच्या बाजूची बरीचशी त्याच्या वडिलांकडेच, विश्वेश्वरशास्त्र्यांकडे येतात.

मोहनबाबूंनी सांगितलं, हॉटेलात एक नवी चीज सुरू करायची आहे, पुण्याहून खोकी येऊन पडली आहेत, तेव्हा गुरुजींनी चांगलासा दिवस काढून द्यावा.

चीज कोणती, हे शास्त्रीबुवांनी विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं आणि उत्तर आलं की पुन्हा स्नान करावं लागतं, हे ते पौरोहित्यात फार लवकर शिकले होते. त्यांनी पंचांग उघडलं.

खोक्यांत काय आहे ते शार्दूलला विचारायची गरज नव्हती. त्यानंच ती बिअर बनवली होती. पुण्याच्या कंपनीत लागल्यापासून पहिल्यांदाच सगळी कृती त्याची होती. हॉप्सची फुलंसुद्धा त्यानं स्वतः हुंगून निवडली होती. बिअरला कडसरपणा आणि संत्र्याच्या सालीचा तो वास यायचा, तो त्या फुलांचा. घरी एवढंच ठाऊक होतं की मुलगा सातूच्या कारखान्यात आहे. यात खोटं काही नव्हतं. बिअर सातूचीच होते; शार्दूलनं फक्त पुढचं सांगितलं नव्हतं. शास्त्रीबुवा घाटावर अभिमानानं सांगत, आमचा चिरंजीव सत्तूचं पीठ बनवतो.

रजा काढून तो आला होता श्रावणातल्या रुद्राच्या निमित्तानं. खरं म्हणजे त्या हॉटेलात बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या की नाही, हे त्याला पाहायचं होतं. ते आता मोहनबाबूंनीच सांगून टाकलं. खोकी जनरेटरशेजारच्या कोठीत होती, एकदम सुरक्षित. मुहूर्ताशिवाय एकाही खोक्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी नोकरांना बजावलं होतं.

शार्दूलनं मनातल्या मनात त्या जनरेटरची धग मोजली.

इकडे चातुर्मास आडवा आला. देव झोपलेले असताना नवं काही नको, असं म्हणत शास्त्रीबुवांनी भाद्रपद ओलांडला, आश्विन ओलांडला, आणि त्यांचं बोट थेट कार्तिकी पौर्णिमेवर जाऊन थांबलं. बनारसची देवदिवाळी. मोहनबाबूंचा चेहरा फुलला. त्या रात्री घाटांवर अर्धं जग उतरतं आणि हॉटेलात जिन्याखालची जागासुद्धा भाड्यानं जाते. याहून चांगला दिवस कुठला?

शार्दूलनं दाराआडून कंपनीत विक्री सांभाळणाऱ्या कुशलला मेसेज टाकला, की माल कार्तिकापर्यंत उकाड्यातच राहणार. लगेच उत्तर आलं: बाटलीवर सहा महिने छापलेत, माल विकला गेलाय, तू गंगेत डुबकी मार आणि झोप.

कायद्यानं कुशलचं बरोबर होतं. सहा महिन्यांत त्या बिअरनं कुणाचं पोट बिघडलं नसतं. ती फक्त मेलेली असती. उकाड्यात हॉप्सचा वास काही आठवड्यांतच, बूच न हलवता निघून जातो. बाटली बाहेरून तशीच टवटवीत दिसते. मग देवदिवाळीच्या रात्री देशोदेशीचे पाहुणे शार्दूलच्या पहिल्या बिअरचा पहिला घोट घेणार, तोंड वाकडं करणार, आणि पुण्याला फोन जाणार. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ही पडली तर तुझ्या हातची दुसरी नाही.

बोललं तर घर जातं, गप्प बसलं तर बिअर जाते. त्यानं तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

लेखणी टेकवता टेकवता शास्त्रीबुवा थांबले. रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, "मोहनबाबू, वस्तु टिकाऊ है या नाशवान? दूध, फूल और मुर्दा, इनका मुहूर्त हम नहीं निकालते."

मोहनबाबू हसले. "टिकाऊ है गुरुजी. सीलबंद बोतल. छह महीना लिखा है."

"नाशवंत आहे," दाराआडून आवाज आला.

तो आपलाच होता, हे शार्दूलला जरा उशिरा कळलं. आता उंबऱ्यात येण्यावाचून इलाज नव्हता. दोघंही त्याच्याकडे पाहत होते.

शास्त्रीबुवांनी लेखणी खाली ठेवली नाही. "किती दिवस टिकते?"

"थंड ठेवली तर महिना-दोन महिने चांगली, अप्पा. तिथं जनरेटरपाशी पंधरा दिवसही नाही."

"मग काय होतं?"

"वास जातो. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते."

'लागते' म्हणाला, म्हणजे चाखली हे कबूलच झालं, आणि त्यानं जीभ चावली. मोहनबाबूंनी शार्दूलकडे पाहिलं, शास्त्रीबुवांकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ छताकडे पाहिलं. चतुर माणूस.

शास्त्रीबुवांनी पंचांग मिटलं. आजच उघडा, त्यांनी मोहनबाबूंना हिंदीत सांगितलं, आणि आधी बर्फात ठेवा. नाशवंताला हीच वेळ शुभ. मोहनबाबूंनी वाकून नमस्कार केला, चपला हातात घेतल्या आणि त्या गल्लीत जाऊन घातल्या.

बैठकीत दोघंच उरले. शास्त्रीबुवांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. शार्दूल उभाच होता. स्वयंपाकघरात आईचा झारा कढईवर वाजत होता.

"आणि ताजी असताना?" चष्म्याकडेच पाहत शास्त्रीबुवा म्हणाले. "कशी लागते?"

आतला झारा थांबला.