बुधवारी पाचला

“चार वाजता तिकडे खटका पाडला की तुमचा हा काळा ठोकळा मुका होणार, काकू. मी अडवतो म्हटलं तरी ते अडायचं नाही.”

लाइनमनने जुना फोन उचलून बाजूला ठेवला. वजन असं, की खाली पडला तर फरशी फुटावी, पण फोनला पोचा येऊ नये. एक्स्चेंजमधली जुनी यंत्रं आज निघणार होती. यापुढे फोन तांब्याच्या तारेतून यायचा नव्हता, इंटरनेटच्या केबलमधूनच यायचा. गल्लीतली बाकी सगळी घरं उरकली होती. हे एकच राहिलं होतं, कारण काकूंनी त्याला तीनदा दारातूनच परत पाठवलं होतं.

“पाचला चालू असेल ना रे?” त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

“असेल.”

“आज बुधवार आहे.”

बुधवारचं काय, ते त्यांनी तो भिंतीला भोक पाडत असताना सांगितलं. मुलगा सात वर्षांपूर्वी बापाशी भांडून गेला. त्या दिवशी या घरात ज्याच्या त्याच्या तोंडून नको ते निघालं. नंतर पत्र नाही, पत्ता नाही. वर्षभराने एका बुधवारी पाचला फोन वाजला. पलीकडे कोणी बोलेना, नुसता श्वास. तेव्हापासून एक बुधवार चुकलेला नाही. काकू बोलतात, पलीकडचा ऐकतो आणि दहा मिनिटांनी ठेवून देतो.

लाइनमन म्हणाला, मुलगाच असणार.

“परका माणूस सहा वर्षं कशाला ऐकेल माझं?” काकू म्हणाल्या.

तेवढ्यात काका आतून आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. गल्ली त्यांना घड्याळजीच म्हणायची. काठी घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि लाइनमनला म्हणाले, “तिला विचार, माझा मफलर कुठे आहे?”

काकू दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

“सांग त्यांना, दाराच्या खुंटीला,” काकू म्हणाल्या.

लाइनमन हसला. मग एकटाच हसतोय हे लक्षात येऊन थांबला.

“मांजर होतं तोवर मांजराला सांगायचो,” घड्याळजी म्हणाले. “ते मेलं.”

लाइनमनने विषय बदलावा म्हणून नवा फोन पुढे केला. याला काचेची छोटी खिडकी होती. फोन आला की करणाऱ्याचा नंबर तिच्यात दिसायचा. आज पाचला मुलाचा नंबर दिसेल, असं त्याने काकूंना सांगितलं. लिहून घ्यायचा आणि उलटा फोन लावायचा, सात वर्षांचा घोर एका मिनिटात संपेल. काकूंचे डोळे भरून येतील अशी त्याची अटकळ होती. काकू पदराच्या टोकाला पीळ घालत राहिल्या.

“ती खिडकी बंद करून टाक,” घड्याळजी उंबऱ्यातून म्हणाले. “आम्हाला कोणाचा नंबर नको.” आणि रोजच्यासारखे फिरायला निघून गेले.

दगड आहे म्हातारा, लाइनमनच्या मनात आलं. पोटच्या पोराचासुद्धा नंबर नको याला.

“बंदच कर बाबा,” काकू म्हणाल्या.

“अहो, पण काकू…”

“मला कळतंय असं त्याला कळलं, तर तो परत करायचा नाही. फार मानी आहे. सहा वर्षं जपलंय मी हे. तुझ्या एका खिडकीपायी घालवू नकोस.”

आईचं मन त्याला मोडवेना. त्याने बटणं दाबून नंबर दिसायची सोय बंद केली.

चारला जुनी लाइन गेली. इंटरनेटच्या नवीन पेटीवरचा दिवा मात्र लालचा हिरवा होईना. साडेचार झाले. काकू बसल्या नाहीत. पावणेपाचला लाइनमन शिडी लावून बाहेरच्या खांबावर चढला, जोड उघडला, पुसला, पुन्हा बसवला. वरून त्याला खिडकीतून त्या दिसत होत्या, दिव्यासमोर हात जोडल्यासारख्या उभ्या. तो खाली उतरला तेव्हा पाचला दोन मिनिटं होती आणि दिवा हिरवा झाला होता.

पाचच्या ठोक्याला फोन वाजला. नवा आवाज, पिपाणीसारखा. काकूंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.

“आहेस ना?” त्या म्हणाल्या आणि थोडं ऐकलं. “नवा फोन आहे. पण श्वास तसाच येतोय तुझा.”

लाइनमन हत्यारं आवरू लागला. कान काही आवरता येईनात.

खोकला अजून गेलेला दिसत नाही, असं काकूंनी पलीकडच्याला सुनावलं. औषध अर्धं टाकायची सवय सोड म्हणाल्या.

“त्या दिवशी तू जे बोललास ते मी केव्हाच पोटात घातलंय. तूही माझं घाल.” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “बिस्किटं आणलीत. वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे, निळ्या डब्यात. आलास की घे. दोनच घे पण.”

लाइनमनने तोंड भिंतीकडे फिरवलं. न येणाऱ्या पोरासाठी ही बाई वरच्या फळीवर बिस्किटं लपवून ठेवते, आणि बाप तिकडे मजेत पाय मोकळे करतो.

फोन ठेवून काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा टाकला. लाइनमनला कागदावर घरमालकाची सही हवी होती, म्हणून तो थांबला. मनात आलं होतं, म्हाताऱ्याला दोन शब्द ऐकवूनच जावं.

वीस मिनिटांनी घड्याळजी आले. काठी कोपऱ्यात ठेवली, मफलर खुंटीला अडकवला, दारातच खोकल्याची उबळ आली ती जिरवली. सही केली. काकूंकडे पाहिलं नाही, काकूंनीही मान वर केली नाही. मग कोणालाही काहीही न विचारता ते स्वयंपाकघरात गेले, स्टूल ओढलं, वरच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे हात घालून निळा डबा काढला, आणि मोजून दोन बिस्किटं घेऊन तो होता तिथे परत ठेवला.