चेंडू हातात द्यायचा

"सोंगट्या लपवतोस काय, एलादिओ? तुझा चेंडू कुठे पडणार, ते मैदानावरसुद्धा अख्ख्या सान पेद्रो गावाला आधीच कळायचं," असं म्हणत शेजारच्या चिचोने डॉमिनोची शेवटची सोंगटी टेबलावर आपटली.

एलादिओ सलग चौथा डाव हरला होता आणि हसत होता. डाव्या हातात नेहमीप्रमाणे जुना बेसबॉल होता. बोलताना तो बोटांत फिरवत राहायची त्याची सवय होती. पिचर म्हणून, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा म्हणून, त्याने एकोणीस हंगाम काढले होते, आणि ते संपूनही आता तीस वर्षं झाली होती.

एकूण किती हरलास, असं चिचोने डिवचून विचारलं.

"एकशे चार. जिंकलो अठ्ठ्याण्णव," एलादिओ म्हणाला. "जिंकल्याचं मला फार आठवत नाही, नुसता गोंगाट आठवतो. ज्यांनी मला झोडपलं त्यांचे चेहरे मात्र एकूण एक लक्षात आहेत. जे काही शिकलो ते त्यांच्याकडून. दोनशे वेळा देवाने चेंडू माझ्या हातात दिला. अजून काय मागायचं?"

मग त्याने शेवटच्या सामन्याची गोष्ट काढली. चिचोला ती पाठ होती. आठव्या डावात समोरच्याने मारलेला चेंडू भिंतीपलीकडे गेला आणि सामना हातचा गेला. संघाचा मॅनेजर डॉन फेर्मिन त्याला बदलायला मैदानात आला. अशा वेळी पिचरने आपणहून निघून जायचं नसतं. मातीच्या उंचवट्यावर उभं राहून वाट बघायची. मॅनेजर तळहात पुढे करतो, त्यावर चेंडू ठेवायचा. फेकायचा नाही, कुणाला ओढून घेऊ द्यायचा नाही. आणि कितीही मार खाल्लेला असो, मॅनेजर म्हणतो, छान टाकलंस. मग खाली उतरायचं. त्या दिवशी डॉन फेर्मिनने चेंडू घेतला आणि काहीच बोलला नाही.

"विसरला असेल बिचारा. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त घाम फुटला होता," एलादिओ म्हणाला. मग चेंडूकडे बघत, जरा हळू आवाजात, "तेवढा एक शब्द राहिला बघ."

नुरिस, त्याची मुलगी, उकडून कुस्करलेल्या कच्च्या केळ्यांच्या मांगूची ताटली घेऊन दारात उभी होती. त्या सामन्याला ती प्रेक्षकांत होती, दहा वर्षांची. तिच्या आईचा घरात एक नियम असे: पापा हरून आला की खेळाविषयी अक्षर काढायचं नाही. त्याला लागतं. त्या संध्याकाळीही तिघं राजमा-भात मुकाट्याने जेवले होते. नियम मायेचाच होता. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी नुरिसने तो मोडला नव्हता.

तो राहिलेला शब्द आत्ता तिच्या ओठांवर आला होता.

"मांगू गार होतंय," ती म्हणाली. "खाऊन घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना एलादिओ खुर्चीतून कोसळला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. कप फुटला, पण डाव्या हातातला चेंडू सुटला नाही. तसाच तो इस्पितळात आला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नुरिसला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार आशा धरू नका. उजवा हात सुजला होता. नर्सला सुई डाव्या हातात लावायची होती, म्हणून तिने चेंडू काढायचा प्रयत्न केला. मूठ उघडेना. मग चिचोने टोपी काखेत मारून जोर लावला.

"सोड की रे म्हाताऱ्या," तो म्हणाला आणि तोंड फिरवून खिडकीशी गेला.

काही कळत नाही हो त्यांना, नर्स समजुतीच्या सुरात म्हणाली. हाताची पकड तेवढी राहते.

नुरिस मूठ बघत होती. ही नुसती पकड नव्हती. तो अजून त्या उंचवट्यावर उभा होता. वाट बघत होता. सगळे त्याच्याकडून चेंडू हिसकावत होते, रीतसर कुणी मागितलाच नव्हता.

मागितला तर तो देईल, हे तिला माहीत होतं. आणि चेंडू दिला की पिचर मैदानात थांबत नाही, हेही. म्हणूनच ती इतका वेळ दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

ती उठली. पलंगाच्या डाव्या बाजूला गेली. आपला तळहात उघडून तिने त्याच्या मुठीखाली धरला.

"छान टाकलंस, पापा," ती म्हणाली. "त्या दिवशीसुद्धा. दे आता, मी धरते."