वारा पडला त्या दुपारी

"तुमचा विश्वास बसणार नाही, विहीणबाई, पण एका दुपारी हे अख्खं शहर माझ्या करंगळीवर तोललं होतं!"

बटणमामांनी करंगळी वर केली. लेकीनं टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. तिनं सकाळीच बजावलं होतं, "बाबा, आज थापा नकोत. त्यांना खोटं खपत नाही. लग्न मोडेल माझं." पण मुलीच्या बापानं थोडा रुबाब दाखवायला नको?

समोर मुलाच्या आई शांतपणे चहा ढवळत होत्या. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेल्या, बोलणं तोलूनमापून.

मामांनी विजेच्या नियंत्रण कक्षात चौतीस वर्षं काढली होती. "वारा पडला," ते म्हणाले. "पवनचक्क्या रुसलेल्या जावयासारख्या गप्प! वर ढग आले, म्हणजे सौरवीजही गेली. उरलं गॅसवर चालणारं वीजकेंद्र. ते पुरेना, म्हणून बिनमहत्त्वाच्या लाइनी तोडल्या. आणि गॅसचा दाब धाडकन खाली!"

"तो का?" विहीणबाईंनी विचारलं.

"आमच्यातल्या एका शहाण्यानं गॅस पुढे ढकलणाऱ्या पंपाचीच वीज तोडलेली! बसल्या फांदीवर कुऱ्हाड. तिकडे रुग्णालयात ऑपरेशनं चालू. मी त्याला बाजूला सारलं, लाइन जोडली, गॅसवाल्यांना फोनवर असं झापलं म्हणता! चार मिनिटांत सगळं सुरळीत."

मामांनी कपाळ पुसलं. तो शहाणा म्हणजे आपणच, हे त्यांनी सात वर्षं बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती चार मिनिटं अजून झोपेत येत.

"खोटं," विहीणबाई म्हणाल्या.

लेकीचा चेहरा पडला.

"झापलं कुठे? 'बाई, पंप माझ्या हातून बंद झाला, जोडतोय, तोवर दाब सांभाळा,' असं म्हणालात. गॅस कंपनीच्या नियंत्रण कक्षात तो फोन मीच घेतला होता. आवाज विसरले नाही."

मामांनी करंगळी मुठीत लपवली.

"चूक अशी तोंडावर कबूल करणाऱ्याची लेक मला सून म्हणून हवीच आहे." विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "पण मामा, चूक तुमची नव्हतीच. कुठल्या पंपांची वीज तोडायची नाही, ती यादी दरवर्षी आम्ही तुम्हाला पाठवायची. त्या वर्षीची माझ्याच खणात राहिली होती."