नुसतं बघायला

वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाईंनी खोलीचं दार उघडलं आणि पिंट्याने आधी नाक वर करून वास घेतला. फिनाइल. म्हणजे काहीतरी झाकलंय! पिंट्याला पन्नाशीत टक्कल पडलं होतं, पण मागून येणाऱ्या आईला तो अजून पिंट्याच होता.

"ऊन छान येतं इथे," बाई म्हणाल्या.

त्याने पडदा सारून पाहिला. ऊन येत होतं. तरी त्याचं मन मानेना. एवढं गोड बोलणाऱ्यांचे खायचे दात वेगळेच असतात. त्याने कॉटजवळची घंटा दाबली, तर मदतनीस धावतच आली. पढवून ठेवलेली दिसते, तो मनाशी म्हणाला.

"आणि अनामत?"

"ती परत मिळत नाही."

कुठेतरी पाणी मुरतंय म्हणत होतो ना! पिंट्याला जवळजवळ आनंदच झाला.

हे चौथं ठिकाण होतं. आई जन्मभर शर्टांच्या कारखान्यात माल तपासायला होती, त्यामुळे आधीच्या तिन्ही ठिकाणांत तिने उभ्या उभ्या खोट काढली होती. दर वेळी पिंट्या तोंडाने कुरकुरला आणि मनातून सुटला. पण तो आणि बायको कामावर असताना आई न्हाणीघरात दोनदा पडली होती. तिला घरी ठेवायची भीती वाटत होती आणि बाहेर ठेवायची लाज. आजही तिने नाक मुरडावं म्हणून तो देवाला विनवत होता.

"आई, गादी बघ ना जरा."

आई वॉकर सरकवत कॉटपाशी गेली, टेकली. तिने गादीवरून हात फिरवला. काठाशी शिवण उसवली होती, आतला स्पंज डोकावत होता. तिची बोटं बरोबर तिथे थांबली. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून पिंट्या बघत राहिला.

सकाळपासून आई वॉकरला अडकवलेल्या पिशवीला कुणाला हात लावू देत नव्हती. ती तिने काढली आणि नेमकी त्या शिवणीवर ठेवली.

"छान आहे," ती म्हणाली.

आता पिंट्याला आईचाच संशय आला. जन्मात कुणाची खोट पोटात घातली नव्हती या बाईने! त्याने पिशवी उचलली. ती चांगलीच जड होती. आत गोळ्यांचा डबा खुळखुळला, वर तिचा टॉवेल दिसत होता. आज नुसतं बघायला यायचं ठरलं होतं.

"आई, चल. घरी जाऊ आपण."

आईने पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि होती तिथेच परत ठेवली.

"पैसे भर आणि उजेड आहे तोवर नीघ," ती म्हणाली. "अंधारात तुला गाडी चालवताना नीट दिसत नाही."