काठावरचा उजेड

निगेटिव्ह मशीनखाली सरकवत फोटोवाल्या शिकलगारांनी सगळ्या गिऱ्हाइकांना विचारतात तेच विचारलं, "नुसती चौकट काढू, की चौकटीबाहेर राहिलेलंही?"

"नुसती चौकट," कावेरीची आई शेवंताबाई घाईनं म्हणाल्या. तिथंच कावेरीच्या मनात पाल चुकचुकली.

"बाहेरचंही काढा," ती म्हणाली.

पडद्यावर आधी तिच्या बारशाचा ओळखीचा फोटो उजळला. मधोमध पाळणा आणि शेजारी आई. मग काठावर अडकलेला उजेड पाण्यात हळद पसरावी तसा पसरत गेला आणि कोपऱ्यात हौसामावशी उगवली. तिचे कान फडक्यानं घट्ट बांधलेले होते, बाळंतिणीचे बांधतात तसे. आईचे कान उघडेच होते.

"मशीन काहीबाही भरतंय," आई म्हणाली.

"भरत नाही, बाई. फिल्मनं धरून ठेवलेलं तेवढंच सोडतं."

"आई, मावशीनं कान का बांधलेत?"

"थंडी होती गं."

फोटोतल्या बाकीच्या बायकांच्या हातात पंखे होते. दिवाळीला मावशी कावेरीला न्हाऊ घालायला यायची, तेव्हा आई स्वयंपाकघराचं दार लोटून आत बसायची. कावेरीला ते आत्ता आठवलं.

"कुठं कापू?" शिकलगारांनी विचारलं.

"कुठंच नको. सगळं छापा."

आईनं तिची बाही धरली. "आणि मी? मला ठेवशील ना त्यात?"

कावेरीनं पडद्याकडे बोट केलं. "पाळण्याची दोरी कुणाच्या हातात आहे, बघ की."