अठरावी गोळी

"आ करा. जीभ वर. आता डावा गाल दाखवा," नवऱ्याच्या तोंडात डोकावत बायको म्हणाली. "पोरं परवडली, सिस्टर. ती निदान थुंकून मोकळी होतात. या बाबानं पहिल्या दिवशी गोळी गालात दाबून ठेवली होती."

"आज गिळली ना?"

"गिळली. मी बघितलं."

व्यसनमुक्तीच्या खिडकीतल्या सिस्टरनं वहीत अठरावी खूण केली आणि रोजचं वाक्य रोजच्याच आवाजात म्हटलं, "ही गोळी पोटात असताना घोटभर दारू गेली तरी छाती धडधडून माणूस जागच्या जागी कोसळतो. लक्षात आहे ना?"

त्यानं मान डोलावली. अठरा दिवस तो रस्ते झाडत होता. झाडू मारायला दारू लागत नाही.

तेवढ्यात मुकादम दारात आला. माणूस वाईट नव्हता. हातापाया पडल्यावर त्यानंच याच्या हातात झाडू दिला होता. "चल गड्या, आज उतरावं लागतंय. दुसरा पळाला. लांब नाही जायचं, ह्याच दवाखान्याच्या मागचं चेंबर तुंबलंय."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. गटाराच्या चेंबरात प्यायल्याशिवाय कुणी उतरत नाही. मुकादम स्वतः ग्लास भरून देतो, तो रिकामा झाला की मगच कमरेला दोर बांधतो. शुद्धीतला माणूस खाली गेला की घाबरतो, हातपाय झाडतो, त्याला वर काढताना नाकी नऊ येतात, असं त्याचं म्हणणं. आणि उतरत नाही म्हटलं की उद्यापासून काम बंद, हे तर कुणी बोलूनही दाखवत नाही.

"सिस्टर, एक चिठ्ठी द्या ना," तो खिडकीत वाकून म्हणाला. "ह्याला खाली उतरवू नका, एवढंच लिहा. वरच्या साहेबांना दिलीत तशी."

वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर. तिथं ड्रेनेज खात्यातलेच इंजिनियरसाहेब दाखल होते. रोग तोच, गोळीही तीच. पण साहेबांना कामाचा ताण सोसत नाही म्हणून सहा आठवडे कामावर जायचं नाही अशी चिठ्ठी मिळाली होती, आणि डॉक्टर रोज तासभर खुर्ची ओढून त्यांचं गाऱ्हाणं ऐकत. ह्याला अठरा दिवसांत कुणी विचारलं नव्हतं, बाबा रे, तू काम काय करतोस?

सिस्टरनं कोरा फॉर्म काढला. पहिलाच रकाना, कर्मचारी क्रमांक.

"माझा नंबर नाही. मी ठेकेदाराचा माणूस."

तिनं वर फोन लावला. डॉक्टर इतक्या जोरात बोलत होते की खिडकीबाहेर ऐकू आलं. "नंबर नाही तर चिठ्ठी कशी देणार? गुरुवारी बघू. आधी ते चेंबर उघडायला लावा. बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी साचलंय. साहेब सकाळपासून डोकं खातायत!"

सिस्टरनं फोन ठेवला. "गुरुवारी या," ती म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण म्हणाली तेवढंच.

मागच्या अंगाला चेंबरचं झाकण बाजूला सारलेलं होतं. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. मुकादमानं ग्लास भरला, नेहमीपेक्षा दोन बोटं जास्तच. "बऱ्याच दिवसांनी उतरतोयस. घे."

त्याचा हात पुढे झाला. बायकोनं मध्येच ग्लास हिसकावला आणि चेंबरात ओतून टाकला.

मुकादम चिडला नाही. हळूच म्हणाला, "वहिनी, कोरड्या माणसाला मी दोर बांधत नाही. मागं एकदा बांधला होता."

"मग मी बांधते."

"अगं, ऐक तरी..." नवरा म्हणाला.

"काय ऐकू? अठरा दिवस कसे काढलेत ते माझं मला माहीत. आता मी तुम्हाला पुन्हा त्या ग्लासाच्या हवाली करू?"

तिनं दोर त्याच्या कमरेला दोनदा गुंडाळला, गाठ मारली, ओढून बघितली. इतक्या वर्षांत तो वास त्याला पहिल्यांदाच पुरता येत होता.

"नाक दाबून धरा. पटकन जा नि पटकन या," ती म्हणाली. लेकराला शाळेत धाडावं तशी तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

तो उतरला. आधी खांदे गेले, मग डोकं. शेवटी कडेवरची बोटं.

"तुम्ही एक हिसका द्यायचा, त्यानं एक द्यायचा," मुकादमानं सांगितलं. "नाही आला तर ओढायचं."

तिनं हिसका दिला. खालून लगेच आला. दुसऱ्या वेळीही आला. तिसऱ्या वेळी जरा उशिरा आला, पण आला. तिनं मुकादमाकडे बघितलं, बघा, मी म्हणाले होते ना, अशा नजरेनं.

मग भिंतीतल्या नळातून काहीतरी धडधडत खाली आलं. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. "मोकळं झालं!" साहेब खुशीत ओरडले. "झालं बुवा एकदाचं!"

तिनं चौथा हिसका दिला.

मुकादमानं दोराला हात घातला. "वहिनी, ओढा. ओढा लवकर!"

"थांबा हो," ती म्हणाली. "देतील ते. शुद्धीत आहेत."